लॅबमध्ये छोटं यकृत वाढवतात असं वाचलं. माझ्या बाबांना ते मुंबईत कुठे बसवून मिळेल का?

नाही. मुंबईत नाही आणि आज जगात दुसरीकडेही अख्खं यकृत लॅबमध्ये वाढवून माणसाला बसवत नाहीत. बाबांना सिरोसिस आहे आणि डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढलाय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे आधी सांगते. अशा बातम्यांच्या भरवशावर नोंदणी लांबवू नका.

तुम्ही वाचलंत त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. मी परळच्या बाजूला एका लॅबमध्ये पेशी वाढवण्याचं काम करते, त्यामुळे ते रोज बघते. प्लेटमध्ये जेलचे थेंब असतात आणि त्या थेंबांत मोहरीहून बारीक ठिपके. यकृताच्या किंवा आतड्याच्या बायोप्सीतून मूळपेशी (स्टेम सेल, ज्यांच्यापासून बाकीच्या पेशी तयार होतात) वेगळ्या काढायच्या आणि मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये मिसळायच्या. हे जेल उंदराच्या गाठीपासून बनतं आणि ऊब लागली की घट्ट होतं, म्हणून सगळं काम बर्फावर. मग वरून ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला सांगणारी प्रथिनं) घातलेलं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, आणि 37 अंशांचा इन्क्युबेटर. दर दोन-तीन दिवसांनी मीडियम बदलायचं. त्यात रविवार नाही की गणपतीची सुट्टी नाही. पावसाळ्यात हवेतल्या बुरशीची धास्ती वेगळीच. काही दिवसांनी मायक्रोस्कोपखाली पोकळ गोल दिसू लागतात. पेशींना आकार कोणी शिकवलेला नसतो, तरी त्या आपापली जागा घेतात. मला हे आजही थक्क करतं.

2009 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळपेशीपासून आतड्यासारखी रचना वाढवून दाखवली. 2013 मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिक यांनी मेंदूच्या ऊतींचं असं प्रारूप केलं. त्याच वर्षी जपानमध्ये ताकानोरी ताकेबे यांच्या गटाने यकृताच्या कळ्या, म्हणजे यकृतासारखे इवले गोळे, वाढवून उंदरात बसवल्या आणि उंदराच्या रक्तवाहिन्या त्यांना जोडल्या गेल्या. तुम्ही वाचलेली बातमी बहुधा याच वाटेवरची असावी.

अडतं कुठे, तर रक्तपुरवठ्यात. प्लेटमधल्या ठिपक्याला रक्तवाहिन्या नसतात. ऑक्सिजन बाहेरून झिरपत मिलिमीटरच्या काही अंशापर्यंतच पोचतो. ठिपका त्याहून मोठा झाला की मधल्या पेशी मरतात. मोठ्या माणसाचं यकृत सव्वा-दीड किलोचं, आत रक्ताचं आणि पित्तनलिकांचं दाट जाळं. ते अजून कोणाला उभं करता आलेलं नाही. पण काम थांबलेलं नाही. 2021 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी पित्तनलिकेच्या पेशींचे ऑर्गनॉइड दान केलेल्या, पण प्रत्यारोपणाला न चाललेल्या यकृतांमध्ये सोडले आणि तिथल्या नलिका दुरुस्त होताना दाखवल्या. ती यकृतं मशीनवर जिवंत ठेवली होती, रुग्णाच्या पोटात नव्हती.

मग एवढा खटाटोप कशासाठी? औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी माणसाच्याच पेशींवर तपासता यावं म्हणून. नेदरलँड्समध्ये सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या जनुकीय आजाराच्या रुग्णाच्या गुदाशयातून चिमूटभर ऊती घेऊन ऑर्गनॉइड वाढवतात. औषध लागू पडत असेल तर ते फुगतात, नसेल तर फुगत नाहीत. दुर्मीळ जनुकीय बदल असलेल्या रुग्णालाही त्यावरून योग्य औषध सापडू शकतं. आपल्याकडे मला यकृताच्या ऑर्गनॉइडचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. टीबीच्या आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनमाइड या गोळ्यांनी काही रुग्णांचं यकृत दुखावतं आणि चालू असलेला कोर्स थांबवावा लागतो. टीबी मुंबईत घराघरातला आजार आहे. उंदराचं यकृत औषध वेगळ्या रीतीने पचवतं, त्यामुळे त्याच्यावरून नेहमी अंदाज येत नाही. भारतात मार्च 2023 मध्ये नियम बदलले आणि नव्या औषधांच्या तपासणीत ऑर्गनॉइडसारख्या पद्धतींना जागा मिळाली. मला ही मोठी गोष्ट वाटते.

आता बाबांचं. मृत दात्याच्या यकृतासाठी नाव प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत झेडटीसीसी मुंबई या अवयवदानाचा समन्वय पाहणाऱ्या संस्थेकडे नोंदवलं जातं, त्याबद्दल डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. घरातलं कोणी यकृताचा भाग देऊ शकेल का, तेही विचारा. दात्याचं उरलेलं यकृत पुन्हा वाढतं, पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे, दात्याच्या सगळ्या तपासण्या व्हायलाच हव्यात.

आणि कोणी ‘स्टेम सेलने यकृत नवं करून देतो’ म्हणत पैसे मागितले, तर देऊ नका. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं मान्य प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशींचा उपचार फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच (माणसांवरच्या चाचणीत) करता येतो. ट्रायल आहे असं म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. तो त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो.