एक कांजी, चार उच्चार

प्रश्न : जपानीत ‘दिवस’ या अर्थाची कांजी (चिनीतून घेतलेलं अक्षर) कुठे ‘निचि’, कुठे ‘हि’, कुठे ‘जित्सु’. एकदाचं ठरवून का टाकत नाहीत?

उत्तर : खरंच, ‘रविवार’ लिहिताना पहिली आणि शेवटची कांजी एकच, पण वाचायचं ‘निचि-यो-बि’! तरी चिडू नका, तुम्हीही हेच करता. ‘२’ला दोन, ‘२२’ला बावीस आणि ‘२रा’ला दुसरा. मागे ‘रा’ दिसला की जीभ आपोआप वळते. जपानी क्रियापदांत कांजीमागे हिरागानाची (उच्चारानुसार लिहायच्या जपानी लिपीची) शेपटी असते, तिचं काम हेच.

मूळ कारण असं की चिनी अक्षरं जपानात पोचली तेव्हा लोकांची बोली तिथे आधीच होती. अक्षराबरोबर चिनी उच्चार आला (ओन), आणि त्याच अर्थाचा घरचा शब्दही त्यावर बसवला (कुन). त्यात चिनी उच्चारही एका खेपेत आले नाहीत. ‘जाणे’ची कांजी घ्या. ‘ग्योरेत्सु’ म्हणजे रांग, त्यातला ‘ग्यो’ सर्वांत जुना. ‘गिन्को’ म्हणजे बँक, त्यातला ‘को’ चीनच्या तांग राजवटीच्या काळातला. ‘आंदोन’ या कागदी दिव्यातला ‘आन’ त्याही नंतरचा. नवीन आलं म्हणून जुनं कुणी टाकलं नाही. आपल्या घरचा माळाच जणू.

प्रश्न : ‘वर’ आणि ‘हात’ या कांजींची जोडी मी ‘जोझु’, म्हणजे निष्णात, अशी शिकलो. शब्दकोशात ‘कामिते’ आणि ‘उवाते’ही निघाले. ओळखायचं कसं?

उत्तर : विषयावरून. नाटकाचं चाललं असेल तर कामिते, म्हणजे प्रेक्षकांच्या उजवीकडची रंगमंचाची बाजू. सुमोत उवाते ही एक पकड. ‘जरा थांब’ आणि ‘जरा-व्याधी’ यांतला ‘ज’ वाचताना तुम्ही अडखळता का? कधी कधी मात्र जपानी माणूसही अडतो. ‘इत्ता’ (गेला) आणि ‘ओकोनात्ता’ (पार पाडलं) अगदी सारखंच लिहितात. म्हणून काही जण ‘ओकोनात्ता’च्या शेपटीत एक ‘ना’ जास्तीचा घालतात. मला ते सोयीचं वाटतं.

प्रश्न : आणि उच्चार एक, कांजी वेगळ्या असतील तर?

उत्तर : खासगी शाळाही ‘शिरित्सु’ आणि महापालिकेचीही ‘शिरित्सु’! घोळ नको म्हणून बोलताना मुद्दाम ‘वाताकुशि-रित्सु’ आणि ‘इचि-रित्सु’ असं कुन वाचन घालून सांगतात.

प्रश्न : व्हिजिटिंग कार्डावरचं आडनाव चुकीचं वाचलं तर?

उत्तर : वाचूच नका, विचारा : ‘ओनामाए वा नान तो ओयोमि सुरेबा इइ देसु का?’ (आपलं नाव कसं वाचायचं?) यामासाकी की यामाझाकी, हे कांजीवरून जपानी माणसालाही कळत नाही. कुटुंबनोंदवहीतसुद्धा नावाचं वाचन नोंदवायचा कायदा २६ मे २०२५ पासून लागू झाला. उत्तर कार्डामागे देवनागरीत टिपा, पण बाहेर पडल्यावर. समोरच कार्डावर लिहिणं तिथे उद्धटपणाचं समजतात.