टायरातलं पाणी गळतंय? आधी व्हॉल्व्ह माथ्यावर आणा

प्रश्न : आमचा जुना ट्रॅक्टर मुलगा चालवतो. चिखलणीला चाकं घसरू नयेत म्हणून मागच्या दोन्ही टायरांत पाणी भरून घेतलं आहे. हल्ली उजव्या चाकाच्या व्हॉल्व्हपाशी ठिबकतं, सकाळी खळ्यात चाकाखालची जमीन ओली दिसते. पिन बदलली, थोडे दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. टायरवाला म्हणतो ट्यूबच बदला. भाताचा तरवा (रोपं) लावणीला आलाय. ट्यूब बदलावीच लागेल का?
– एक शेतकरी भगिनी, संगमेश्वर तालुका

उत्तर : ताई, ट्यूबचा खर्च करण्याआधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. आयटीआयमध्ये ट्रॅक्टरचा ट्रेड शिकवताना मी पोरांना आधी हेच करायला लावायचो.

मागच्या मोठ्या टायरचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा एकसंध नसतो. ट्यूबला चिकटलेली जाड पितळी नळी असते, तिच्यात आट्यांनी बसणारा दुसरा एक तुकडा असतो आणि त्या तुकड्यात हवा अडवणारी आपली नेहमीची बारीक पिन. पाणी भरताना तो मधला तुकडा अख्खा काढतात, म्हणजे भोक मोठं होतं आणि पाणी भराभर आत जातं. त्या तुकड्याखाली रबराची छोटी रिंग असते. पाणी भरणारा घाईत ती हरवतो, नाहीतर जुनी, चपटी झालेलीच परत बसवतो. मग पिन कितीही वेळा बदला, पाणी आट्यांतून झिरपतच राहतं. तुमच्या लिहिण्यावरून मला पहिला संशय या रिंगचाच येतो.

आता तपासणी. ट्रॅक्टर सपाट, कडक जागी उभा करा. पुढच्या चाकांना आणि मागच्या डाव्या चाकाला दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, मग उजवं चाक जॅकवर जमिनीपासून सुटेल इतकं उचला. जॅकखाली किंवा टेकूला जांभ्याचा चिरा ठेवू नका. घराच्या भिंतीत जांभा पिढ्यान् पिढ्या टिकतो, पण एकाच ठिकाणी भार आला की त्याचा कोपरा ढासळतो. जाड लाकडी ठोकळा घ्या, आक्सलखाली दुसरा पक्का टेकू द्या आणि मगच चाकाला हात लावा. चाक फिरवून व्हॉल्व्ह अगदी वर, घड्याळात बारा वाजतात तिथे आणा. टायर नियमाप्रमाणे पाऊणपट भरलेला असेल तर पाण्याची पातळी व्हॉल्व्हच्या जेमतेम खाली राहते आणि वर फक्त हवा असते. चाक उचललेलंच असायला हवं. टायरवर भार असताना हवा सोडली की टायर चेपतो, आतली जागा कमी होते आणि पाणी वर चढून उसळतं.

व्हॉल्व्ह गोड्या पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून घ्या. साबणाचा घट्ट फेस करून व्हॉल्व्हच्या तोंडावर, आट्यांच्या जोडावर आणि रिमच्या भोकाशी लावा. तोंडाच्या मधोमध बुडबुडा फुगला तर पिन खराब. जोडावर फुगला तर रिंग. रिमच्या भोकातून आला तर जरा थांबा. ट्यूबला कुठेही भोक असलं तरी हवा-पाणी ट्यूब आणि टायरच्या मधून वाट काढत शेवटी याच भोकातून बाहेर येतं. म्हणजे तिथलं पाणी व्हॉल्व्हच्या बुडाचंही असेल किंवा पलीकडे घुसलेल्या काट्याचंही. तसं निघालं तर टायरवाल्याचं म्हणणं बरोबर आहे, टायर उघडावाच लागेल. पाणी भरलेलं हे चाक फार जड असतं. ते घरी उघडायला जाऊ नका.

पिन किंवा रिंग निघाली तर मात्र काम घरचंच आहे. मुलाला व्हॉल्व्हसमोर नको, बाजूला उभं राहायला सांगा. आधी पिनची दांडी दाबून हवा हळूहळू पूर्ण सोडायची. फुसफुस थांबली की मगच पिन फिरवायची, नाहीतर ती गोळीसारखी सुटते आणि डोळा जाऊ शकतो. काढलेली पिन उजेडात धरून तिच्या रबराच्या कडेकडे बघा. चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरच्या पिनेत बहुतेक वेळा रेतीचा एखादा कण रुतलेला सापडतो आणि त्याने रबरावर नखाने ओरखडल्यासारखी रेघ पडलेली असते. नवी पिन थोड्या दिवसांत का गेली, त्याचं कारण तिथेच असतं. नळीच्या तोंडाशी चिखल साचलेला असताना पिन बसवली की कण सरळ आत जातो. म्हणून आधी धुवा, मग बसवा. मधला तुकडा काढून रिंग नवीन घाला, पण जुनी रिंग सोबत नेऊन त्याच मापाची आणा. पिन बोटाला घट्ट लागेपर्यंतच फिरवा, जोर लावला की रबर कापतं.

वर झाकण हवंच, आणि तेही आत रबर असलेलं धातूचं. चिखल अडवतं ते हेच, आणि पिन थोडी झिरपली तरी पाणीही हेच धरून ठेवतं. बिनझाकणाचे व्हॉल्व्ह बघितले की मला फार वाईट वाटतं. काही रुपयांच्या वस्तूपायी ऐन लावणीत चाक बसतं.

हवा पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी भरा आणि त्यानंतर वरचेवर मोजा. पाणी भरलेल्या टायरात हवेला जागा थोडी, त्यामुळे जराशी हवा गेली तरी दाब झपाट्याने उतरतो. कमी दाबाने ओढकाम केलं की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह भोकात तिरका होतो. तुमचा व्हॉल्व्ह तिरका दिसत असेल तर तो वाट बघत बसणार नाही, बुडातून फाटेल. टायर सोडवून ट्यूब लगेच सरळ करून घ्या.

प्रश्न : वजन वाढावं म्हणून टायरच्या पाण्यात मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड घालायला एक फिटर सांगतो. घालावं का? आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते चालेल का?
– देवगड तालुक्यातील वाचक

उत्तर : दोन्हीला नाही. कॅल्शियम क्लोराइड थंड मुलखातले लोक घालतात, कारण तिथे साधं पाणी टायरात गोठतं. त्या द्रावणाने वजनही वाढतं हे खरं. पण आपल्या किनाऱ्यावर पाणी गोठायची भीतीच नाही, आणि एक लिटर पाण्याचं एक किलो हा हिशोब चिखलणीला पुरेसा आहे. 13.6-28 मापाच्या टायरमध्ये पाऊणपट भरलं तरी दीडशे किलोच्या वर वजन बसतं. खारं पाणी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब रिमवर आलं की लोखंड खातं, आणि गंजलेल्या रिमची खरबरीत कड पुढे ट्यूब कापते. खाडीची हवा आधीच रिमला छळते, त्यात आतून मीठ कशाला? पावसाळ्यात विहीर गोडी झाली की ते पाणी भरा. आधीच खारं भरलं असेल आणि व्हॉल्व्हभोवती पांढरी खार धरली असेल तर ते पाणी काढा. रिमचा भाग गोड्या पाण्याने धुऊन, कोरडा करून, घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारा.

प्रश्न : लावणीनंतर ट्रॅक्टर चिऱ्यांच्या वाहतुकीला लागतो. तेव्हा टायरातलं पाणी काढावं का, आणि कसं?
– लांजा तालुक्यातील वाचक

उत्तर : काढा. रस्त्यावर ते वजन डिझेल खातं, आणि उतारावर ब्रेकला तेवढाच भार जास्त. चाक वर सांगितल्याप्रमाणे उचला, व्हॉल्व्ह वर ठेवून हवा सोडा, मग चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणा आणि मधला तुकडा काढा. पाणी थांबून थांबून येईल, आत हवा शिरायला वेळ द्या. तळाशी थोडं राहतंच. त्यासाठी टायरवाल्याकडे आत घालायची बारीक नळी असते. हवा दिली की उरलेलं पाणी त्या नळीतून बाहेर येतं. मधला तुकडा आणि रिंग तेवढा वेळ चिखलात नको, डब्यात ठेवा.