एसीत बसून युद्ध, मग त्रास कसला?

प्रश्न: माझ्या बहिणीचा मुलगा डिफेन्सची तयारी करतोय. परवा म्हणाला, मावशी मला ड्रोनमध्ये जायचंय, एसीत बसायचं, जिवाला धोका नाही, ड्युटी संपली की घरी. घरचे खूश झाले, मला मात्र कसंतरीच झालं आणि का ते सांगता येईना. अमेरिकेत जे हे काम करतात त्यांना खरंच काही त्रास होत नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तुम्हाला कसंतरी झालं ते अगदी बरोबर झालं. आणि भाच्याचं बोलणं हवेतलं नाहीये, ऑक्टोबर २०२४ मध्ये आपणही अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा (हे लांबून चालवतात आणि क्षेपणास्त्रही डागतात) करार केलाय, त्यामुळे हे काम उद्या आपल्या मुलांसमोरही येणार.

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात क्रीच नावाचा हवाई तळ आहे, लास व्हेगासपासून साधारण ७० किलोमीटर. तिथे एका केबिनमध्ये पायलट आणि शेजारी कॅमेरा सांभाळणारा सेन्सर ऑपरेटर असे दोघं बसतात आणि ड्रोन उडत असतो पार दुसऱ्या देशावर, २०२१ पर्यंत तर अफगाणिस्तानवरही. शिफ्ट संपली की गाडी काढून घरी, वाटेत दूध घ्यायचं, मुलांचा अभ्यास घ्यायचा. सीमेवरच्या जवानाला निदान घर आणि लढाई यात अंतर तरी मिळतं, सोबत युनिटमधले मित्र असतात, इथे तासाभरापूर्वी काय केलं ते बायकोलाही सांगायचं नाही, कारण सगळं सिक्रेट.

आणि लांबून म्हणजे दिसत नाही असं मुळीच नाही हो, उलट विमानातला पायलट बॉम्ब टाकून पुढे निघून जातो पण ड्रोनवाला त्या माणसाला आधी कित्येक तास, कधी कधी कित्येक दिवस बघत असतो, अंगणात पोरांशी खेळताना, गच्चीवर झोपताना, आणि मारल्यावरही तिथेच थांबून किती मेले ते मोजायचं. ब्रँडन ब्रायंट नावाच्या माजी सेन्सर ऑपरेटरने आपल्या पहिल्या हल्ल्याबद्दल जाहीरपणे सांगितलंय. पाय तुटलेला एक माणूस जमिनीवर पडला होता, इन्फ्रारेडवर, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर, त्याचं गरम रक्त पांढरं दिसत होतं, मग हळूहळू तो थंड होत गेला आणि शेवटी त्याचा रंग आजूबाजूच्या मातीसारखाच झाला. हे सगळं तो बघत बसला होता. २०११ मध्ये नोकरी सोडताना त्याच्या हातात एक कागद दिला, त्याचा सहभाग असलेल्या मोहिमांमध्ये किती माणसं मेली त्याचा आकडा होता, १६२६. २०१३ मध्ये अमेरिकन सैन्याच्या आरोग्य विभागानेच तपासलं तेव्हा ड्रोन पायलट आणि प्रत्यक्ष विमानात बसणारे पायलट, दोघांमध्ये मानसिक त्रासाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. मग सेफ जॉब कशाला म्हणायचं? अशा त्रासाला मॉरल इंज्युरी म्हणतात, म्हणजे जीव वाचतो पण आपल्या हातून नको ते झालं ही जखम आतल्या आत राहते.

पण एक मला मनापासून सांगायचंय, ऑपरेटरच्या दुःखाबद्दल बोलताना खाली मेलेली माणसं विसरली जाऊ नयेत. २०१२ मध्ये पाकिस्तानातल्या उत्तर वझिरिस्तानात एक म्हातारी आजी शेतात भेंडी तोडत होती, नातवंडं आसपासच होती, ड्रोनने तिला मारलं. वर्षभराने तिच्या १३ वर्षांच्या नातवाने अमेरिकन संसदेत येऊन सांगितलं की मला आता निळं आकाश आवडत नाही, कारण ढग असले की ड्रोन उडत नाहीत. ते पोर काय मनावर घेऊन मोठं झालं असेल, मला अजून विचार करवत नाही.

भाच्याला जाऊ नको असं म्हणू नका, वयात आलेल्या मुलाला तसं सांगून काही होत नाही. त्याला जवळ बसवून काबूलचा २९ ऑगस्ट २०२१ चा अमेरिकन ड्रोनचा हल्ला सांगा. एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर आठ तास नजर ठेवली, गाडीत स्फोटकं भरतायत असं वाटलं, निघाले पाण्याचे कॅन, गाडीवाला मदत संस्थेत काम करणारा. १० माणसं गेली, त्यातली ७ लहान मुलं. पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, चूक कबूल केली पण शिक्षा कोणालाच झाली नाही. एवढं सांगून झालं की त्याला विचारा, त्या दिवशी कॅमेऱ्यावर तू असतास तर संध्याकाळी घरी येऊन काय केलं असतंस?