आधी वळचणीखाली बघ

जपानी मंदिरांचा अभ्यास सुरू करतोयस, तर शैलींची नावं पाठ करत बसू नकोस. आधी दोनच जागा नीट बघ: इसे आणि होर्यूजी.

शिंतो या जपानच्या मूळ धर्माचं इसेचं देवस्थान दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. मागची खेप 2013ची. हिनोकीचे (जपानी सायप्रसच्या लाकडाचे) बिनरंगी खांब थेट जमिनीत रोवलेले, वर गवताने शाकारलेलं छप्पर. जुन्या धान्यकोठारांची आठवण करून देणारी बांधणी आहे ती. होर्यूजी या बौद्ध मंदिरात खांब दगडावर टेकलेले, छप्पर कौलारू. ही रीत सहाव्या शतकात बौद्ध धर्माबरोबर कोरियातून आली. 670च्या आगीनंतर उभारलेल्या तिथल्या इमारती जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत मोडतात.

तिथे मान वर कर. खांबाच्या डोक्यावर ठोकळा, त्यावर हातासारखं आडवं लाकूड, पुन्हा ठोकळे. कौलांचं ओझं तेच पेलतात आणि वळचण भिंतीच्या बरीच पुढे नेतात. तिथल्या पावसात ती लांब वळचण म्हणजे शोभा नव्हे, गरज.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो नारा शहरातल्या तोदाईजी या बौद्ध मंदिराचा नानदाईमोन दरवाजा, 1199चा. 1180च्या युद्धात मंदिर जळालं. चोगेन या भिक्षूने चीनमधलं तंत्र वापरून ते पुन्हा उभं केलं. आडव्या तुळया खांबांना भोकं पाडून आरपार घातल्यात. वर तक्तपोशी नाही, त्यामुळे अख्खा सांगाडा उघडा दिसतो. फोटोवरून का होईना, त्यातला एक सांधा हाताने कागदावर काढ. कुठलं लाकूड कशावर टेकलंय, ते तेव्हाच कळतं.