टेबलामागची नोकरी नको, मग रानातली कोणती?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात जांबोटीजवळच्या खेड्यात राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून सध्या बेळगावात द्वितीय पीयूसी (म्हणजे बारावी) करीत आहे. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र हे विषय आहेत. घरची दोन एकर भातशेती आहे. मी संगणक अभियांत्रिकी करून पुण्यात नोकरी धरावी, असे बाबांचे म्हणणे आहे. मात्र दिवसभर खुर्चीत बसायच्या कल्पनेनेच माझा जीव घुसमटतो. उघड्यावर काम करता यावे यासाठी मी काय शिकावे?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : मी स्वतः बावीस वर्षे जमीन मोजणीच्या कामात काढली, म्हणून आधी तेवढेच सांगतो. मृग लागण्यापूर्वी मोजण्या उरकण्याची घाई असे. करवंदीच्या जाळीत दडलेला हद्दीचा दगड कोयत्याने जाळी तोडून शोधायचा, तेहतीस फुटांची साखळी ताणायची (ही गुंठ्याची एक बाजू, आता उपग्रहाच्या साहाय्याने मोजणारे रोव्हर यंत्र आले आणि साखळी अडगळीत गेली), आणि हे चालू असताना दोन सख्खे भाऊ एकमेकांशी अवाक्षर न बोलता माझ्या हातांकडे बघत उभे असत. ऊन सोसणे सोपे होते, त्या दोघांना सांभाळणे अवघड. शिवाय एक दिवस शिवारात गेला की टिप्पणाशी, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीशी, मेळ घालून नकाशा काढायला पुढचे दोन दिवस टेबल चुकत नसे. तेव्हा टेबल अजिबात नको, ही अट तुम्ही सोडून द्यावी; आठवड्यातले किती दिवस बाहेर आणि कोणत्या कामासाठी, हे विचारावे.

तुमच्या विषयांना दोन वाटा जवळच्या आहेत. घटप्रभेजवळ अरभावी येथे बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचे महाविद्यालय आहे, आणि शिरसी येथे धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे वनविद्या महाविद्यालय. दोन्हीकडील पदवी चार वर्षांची असून प्रवेश केसीईटी या कर्नाटकाच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. शेतकरी कुटुंबातील मुलांसाठी वेगळा कोटा आहे आणि त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते; तीत बियाणे, खते, अवजारे ओळखावी लागतात. धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतली) पेरणी पाहत वाढलेल्या मुलीला पेरणीची कुरी आणि तण काढायचे कोळपे वेगळे शिकवावे लागणार नाही, तरी कोट्याचे कागद मात्र वेळेत जमवावेत.

वनखात्याचे आकर्षण तुमच्या भागात साहजिक आहे, कारण 2011 साली घोषित झालेले भीमगड अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे. पण कणकुंबीकडच्या पावसात, जळवा झाडत केलेली गस्त आणि गव्यांनी तुडवलेल्या भाताचा, संतापलेल्या शेतकऱ्यासमोर बसून केलेला पंचनामा, हेही त्याच नोकरीचे भाग आहेत. पुढे भारतीय वनसेवेचा विचार केलात, तर मुलींना चार तासांत 14 किलोमीटर चालून दाखवावे लागते. जंगलाची आवड असणे आणि हे काम झेपणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर वयाच्या विसाव्या वर्षी नव्हे, चाळिशीत जाणवते. माझा कल म्हणून उद्यानविद्येकडे आहे : तीत सरकारी जागा मिळाली नाही, तरी रोपवाटिका, काजू-आंब्याची लागवड किंवा फळप्रक्रिया यांत घरच्या दोन एकरांचाही उपयोग होईल. बाबांची काळजी बहुधा मिळकतीचीच असणार, तेव्हा त्यांच्याशी याच बाजूने बोलावे.

राहिला प्रश्न कन्नडचा. टिप्पण, आकारबंद (जमिनीचे क्षेत्र आणि आकारणी यांची नोंदवही) हे आपले शब्द इथल्या कचेऱ्यांत अजूनही तसेच चालतात, परंतु बाकीचा सगळा कागद कन्नडमध्ये असतो आणि राज्याच्या नोकरीत ती भाषा लिहिता-वाचता येणे आवश्यक आहे. मला सेवेत गेल्यावर शिकावी लागली आणि पहिली दोन वर्षे माझा अहवाल दुसऱ्याने लिहून दिला. ती लाज तुमच्या वाट्याला येऊ नये. आतापासून रोज एक पान कन्नड लिहावे.

अर्ज भरण्याआधी बाबांना घेऊन अरभावी पाहून यावी. खानापूर आणि घटप्रभा एकाच रेल्वेमार्गावर आहेत. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना कालचा दिवस कसा गेला, एवढेच विचारावे, आणि त्या उत्तर देतील तेव्हा बाबा जवळ असावेत.