नाओशिमा बेट मार्गदर्शकासह एका दिवसात नीट पाहून होते का?
होय, जपानमधील हे बेट एका दिवसात पाहता येते. मात्र सहल ठरवण्यापूर्वी चिचू कला संग्रहालयाचे ठरावीक वेळेचे तिकीट तिच्यात धरलेले आहे का, हे आवर्जून विचारावे आणि बहुतेक संग्रहालये बंद असतात तो सोमवार टाळावा. जपानच्या मुख्य भूमीवरील उनो बंदरातून फेरीबोट सुमारे २० मिनिटांत पोहोचते. वास्तुरचनाकार तादाओ आंदो यांनी बहुतांशी जमिनीखाली रचलेल्या आणि २००४ मध्ये खुल्या झालेल्या चिचू संग्रहालयात क्लोद मोने यांची कुमुदिनींची चित्रे केवळ वरून झिरपणाऱ्या नैसर्गिक प्रकाशात पाहायची असतात, त्यामुळे एखादा ढग सरकला तरी चित्रातल्या पाण्याचा रंग बदललेला जाणवतो. तेथे घाई करणारी सहल मी तरी निवडणार नाही. कलाकार यायोई कुसामा यांचे पिवळ्या भोपळ्याचे शिल्प समुद्रातल्या धक्क्यावर थोडक्या वेळात पाहून होते.