डिप्लोमा करून रस्त्यावर केबल जोडायच्या का?

प्रश्न : मुलगा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. फायबरची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराने त्याला फॉल्ट शोधणाऱ्या टीममध्ये निवडलंय. त्याचे मामा म्हणतात, "एवढं शिकून रस्त्यावर केबल जोडणार का?" होकार द्यावा का? (एक आई, बार्शी)

उत्तर : ताई, मामांची काळजी खरी आहे, पण हे काम त्यांनी जवळून पाहिलेलं दिसत नाही. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं तेच केलंय.

एकदा रात्री अकराला एका तालुक्याची लाइन गेली. आम्ही ओटीडीआर लावला. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचे ठोके सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडाला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. एक किलोमीटर जाऊन यायला साधारण १० मायक्रोसेकंद. तुटलेली जागा दिसली ७.३ किलोमीटरवर. गाडीच्या मीटरवर तेवढं मोजून खड्डा घेतला, तर केबल धडधाकट. थोडं पुढे दुसरा घेतला, तिथेही तेच. तेव्हा आमचा जुना स्प्लायसर, म्हणजे फायबर जोडणारा कारागीर, म्हणाला, "अरे, चेंबरमधली वेटोळी कोण मोजणार?" दुरुस्तीला हाताशी असावी म्हणून चेंबरमध्ये, म्हणजे केबलच्या वाटेवरच्या झाकणाच्या खड्ड्यात, जास्तीची केबल गुंडाळून ठेवलेली असते, शिवाय आतलं फायबर केबलपेक्षा किंचित लांब असतं. मग शेवटच्या ओळखीच्या जॉइंटपासून हिशेब मांडला. जागा निघाली जवळजवळ तीनशे मीटर अलीकडे, मोरीच्या कामापाशी. तिथे केबल उपटून मातीत पडली होती. जोडायला तासभर लागला, शोधायला अर्धी रात्र. पगार खरा त्या शोधण्याचा असतो.

आणखी एक युक्ती मुलाला सांगा. एकाच जागचा तोटा, म्हणजे तिथे प्रकाश किती कमी होतो ते, १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर तपासायचा. १५५० वर तो ठळकपणे जास्त आला, तर केबल कुठेतरी वाकलीय किंवा दबलीय. दोन्हीकडे जवळपास सारखाच असेल, तर संशय जॉइंटवर किंवा मळक्या कनेक्टरवर. फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यामुळे धुळीचा एक कणही लाइन पाडू शकतो. ते न पुसता थेट यंत्रातलं कार्ड बदलणारे मी चिक्कार पाहिलेत!

कामाची टंचाई मला तरी दिसत नाही. २०११ मध्ये मंजूर झालेल्या योजनेतून, जिला आता भारतनेट म्हणतात, सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं. टाकलेली केबल कुठे ना कुठे तुटतेच.

पण आयुष्यभर खड्ड्याशी उभं राहू नये, हेही सांगतो. दोन वर्षं फील्डवर काढावीत, त्याच काळात आयपी नेटवर्किंग (इंटरनेटची जोडणी) आणि डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबींवर माहिती पाठवण्याचं तंत्र) शिकावं, मग नेटवर्क कंट्रोल रूममध्ये अर्ज करावा. स्क्रीनवर अलार्म आला की रस्त्यावर काय झालं असेल, हे फील्ड केलेल्या मुलाला डोळ्यांपुढे दिसतं.

होकार देण्याआधी नेमणूकपत्र नीट वाचा. पीएफ आणि अपघात विमा आहे का, रात्रपाळीचा भत्ता किती, गाडीचं पेट्रोल कोणाचं, हे लेखी घ्या. तोंडी "बघू नंतर" चालणार नाही. आणि मुलाला बजावा, चालू फायबरच्या टोकात डोकवायचं नाही. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.